शिट्टीवाला टेक

समस्त मराठी बंधू-भगिनींनो, कृपया शांत व्हा. मोबाइल बंद करा. तोंडात घास असेल तर गिळून घ्या. पुढील निवेदन अत्यंत गंभीर स्वरूपाचं असून त्यात एक मुडदा, एक प्रेशर कुकर आणि एक हलकट माणूस आहे. हलकट माणूस मी. मुडदा — एका भागापुरता — तोही मीच. कुकर मीनावहिनींचा.

हसलात? हसा. आधी हसवायचं आणि मग मुद्द्यावर यायचंच नाही, अशी माझी टोरांटोतल्या आमच्या मराठी मंडळात ख्याती आहे. पण हे — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. अकरा वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आत्ता माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात. आणि गेल्या रविवारी जे झालं त्यानंतर मी नेमकं काय केलं होतं, तेच मला कळेनासं झालंय.

शशीपासून सुरुवात करतो. तुम्ही शशीला ओळखता. नावाने नाही हो — नावाने त्याला कुणीच ओळखत नाही, तोच तर त्याचा धंदा. अमेरिकन पोलिसांच्या मालिकेत डिटेक्टिव धावत शवागारात येतो, आणि चादर बाजूला करून एक टकला भारतीय डॉक्टर त्याच्याकडे असा बघतो, जणू या खोलीत आपण कशाला आलो होतो हेच विसरलाय. तो शशी. सात सीझन. मग इतर मालिकांमधून चष्मा हरवलेला न्यायाधीश, मोटेलचा मालक, विमानात दुसऱ्याच्या सीटवर बसलेला काका. एकदा बफेलोच्या बॉर्डरवर ऑफिसर पासपोर्ट उघडायच्या आधीच ओरडला, “हे, तुम्ही ते डेड-बॉडी डॉक!” शशी महिनाभर तो पासपोर्ट खिशात घेऊन फिरत होता, जसा काही ऑफिसरने त्याच्यावर सही केली होती.

मालिका अमेरिकेची, पण शूटिंग इथे टोरांटोत. कोपऱ्यावर अमेरिकन पोस्टाची पेटी आणून ठेवायची, की झालं शिकागो.

आम्ही दोघं सांगलीचे, एका वर्गातले. कॉलेजच्या नाटकांत तो नायक. मी नोकर, दुसरा हवालदार, आणि एका वर्षी तर नुसता पडद्यामागचा कुत्रा. भुंकलो मात्र असा, की परीक्षकांनी भाषणात उल्लेख केला. शशीचा उल्लेख मात्र त्यांनी चार वेळा केला — बघा, मोजलं होतं मी. मला वाईट वाटायचं का? छे, असं मी सगळ्यांना सांगायचो. पुढे तो कॅनडात आला, दोन वर्षांनी मी आलो. जानेवारीत. विमानतळावर घ्यायला तोच होता, हातावर स्वतःचं दुसरं जॅकेट घेऊन. ते जॅकेट अजून माझ्याकडे आहे. हे मी आत्ता का सांगतोय? माहीत नाही. सांगायला हवं असं वाटलं.

तो इन्शुरन्सच्या ऑफिसात, मी जवळच्या वॉन गावात एका वेअरहाउसमध्ये शिफ्ट सुपरवायझर. आणि दोघांनाही नाटकाची खाज. छोटी कामं मिळायची. मी दोनदा टॅक्सीवाला आणि तीनदा दुकानदार झालोय, एकदा तर मला चक्क वाक्य होतं — “दॅट्स ऑल, सर?” आणि मग अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्या शवागारातल्या डॉक्टरची भूमिका निघाली. आमच्या दोघांच्याही एजंटांनी आम्हा दोघांनाही कळवलं. एकच डॉक्टर, आणि सांगलीचे दोन उमेदवार!

आता हे कसं चालतं ते सांगतो. ऑडिशन घरीच रेकॉर्ड करून पाठवायची. एकाने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, दुसऱ्याने कॅमेऱ्यामागून समोरच्या पात्राची वाक्यं वाचायची. आम्ही कायम एकमेकांसाठी वाचायचो, शशीच्या रिचमंड हिलच्या घरी, बेसमेंटमध्ये. तिथे एकच अडचण — भिंतीपलीकडचा फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी. सुरू झाला की रेकॉर्डिंगमध्ये विमान उडाल्यासारखा आवाज. म्हणून आधी वर जाऊन घराची हीटिंग बंद करायची, मग जॅकेट घालून खाली बसायचं, आणि फक्त टेक चालू असताना जॅकेट काढायचं. वरून मीनावहिनींचा आवाज यायचा, “भाऊजी, आटपा हो! घरात माणसं राहतात, आइसक्रीम नाही!”

त्या रविवारी दुपारी माझे टेक आधी झाले. मग शशी उभा राहिला. प्रसंग असा: डॉक्टरने एका बापाला सांगायचंय की टेबलावरचं शरीर त्याच्या मुलीचं आहे. बापाची वाक्यं मी वाचत होतो. पहिला टेक नीट चालला होता, शशी ऐन वाक्यावर आला — आणि वर कुकरची शिट्टी झाली. शशी थांबला. तोंड उघडंच. त्याने छताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि वाक्य पार पुसलं गेल्यासारखा नुसता उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग ते वाक्य त्याला कुठेतरी सापडलं, आणि ते त्याने अगदी हळू म्हटलं — जसं काही मला परवानगी विचारतोय. मग कपाळावर हात मारला.

“गेला! डिलीट कर हा. मीने, गॅस बंद कर गं!”

दुसऱ्या टेकला शिट्टी नव्हती. त्यात सांगलीच्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज होता, एक थरथरता हात होता, आणि बरोब्बर शेवटच्या शब्दाला डाव्या डोळ्यातून एक अश्रू. मला तो टेक अप्रतिम वाटला. हे नीट लक्षात ठेवा — दुसरा अप्रतिम आणि पहिला कचरा, याबद्दल माझ्या मनात कणभर शंका नव्हती.

शशी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणून घरी त्याला हात लावत नाही. पाठवायचं काम कायम माझ्याकडे. घरी आलो, लॅपटॉप उघडला, माझा सर्वांत चांगला टेक माझ्या नावाने पाठवला. मग शशीच्या दोन फाइल्स समोर. अजून किती फिरवू तुम्हाला? — मी शिट्टीवाला पाठवला. चुकून नाही. दोनदा बघून, आवाज मोठा करून, शिट्टी नीट ऐकू येतेय ना याची खात्री करून पाठवला. आणि त्याला फोन करून म्हटलं, “गेला रे तुझा. दुसरा.”

“मस्त!” तो म्हणाला. “आता तुला मिळो नाहीतर मला. सांगली जिंकणार!”

तीन आठवड्यांनी भूमिका त्याला मिळाली.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करायचं? मी ज्याचा पाय ओढला तो त्याच झटक्याने वर गेला. मी पेढे खाल्ले. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात शशीने माइकवरून सांगितलं की योग्य टेक निवडणारा माणूस जवळ लागतो, आणि मला उभं राहून हात जोडावे लागले. मी पाप केलं होतं की उपकार? दोन्हीही नसतील, तर मग रोज आंघोळीच्या वेळी मला ती शिट्टी का ऐकू येत होती?

तिसऱ्या सीझनला शशीने माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला एका दिवसाचं काम मिळालं. मुडदा. स्टीलच्या थंड टेबलावर, गळ्यापर्यंत चादर, डोळे बंद. शशी माझ्यावर वाकून डिटेक्टिवशी बोलत होता, आणि बोलता बोलता अडला. तसाच. शब्द शोधत. मी डोळे मिटून पडलो होतो, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस हरवतो तेव्हा जे दिसतं ते मला सात जन्मांत जमणार नाही. सेटवर कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, आत्ता उठावं, चादर टाकावी आणि सगळं सांगून टाकावं. पण मुडद्याला ती सोय नसते. “दिग्या, पोट हलतंय तुझं,” तो ओठ न हलवता कुजबुजला. तेवढ्यावर ते राहिलं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गमतीची झाली असती. पण माझा खरा अपराध बहुतेक त्या फाइलमध्ये नाहीच. तो फोनवरच्या एका शब्दात आहे — “दुसरा.” कारण शशीने त्यावर विश्वास ठेवला. आपल्याला त्या गर्जनेसाठी निवडलंय असं समजून तो रोज सेटवर जायचा, आणि प्रत्येक दिग्दर्शक त्याला म्हणायचा, कमी कर, अजून कमी कर. तो कमी करायचा आणि घरी येऊन पडायचा. सात सीझन. लोक बॉर्डरवर ओळखायचे, आणि हा आमच्या किचनमध्ये चहा थंड करत बसायचा. “मला कळत नाही रे दिग्या. निवडताना त्यांना तो टेक आवडला, मग आता तसं करू का देत नाहीत? मी वाईट करतो तेव्हाच टाळ्या का वाजतात?” दोनदा त्याने सोडून द्यायचं ठरवलं होतं. त्याला एक वाक्य हवं होतं. ते जगात फक्त माझ्याकडे होतं. मी काय करायचो? मी दुसऱ्या हवालदाराची नक्कल करायचो. तो हसायचा. मग घरी जायचा.

तीन वर्षांपूर्वी मालिका संपली. आणि या महिन्यात शशीला आयुष्यातली सर्वांत मोठी संधी आली — एका नव्या अमेरिकन मालिकेत मुख्य भूमिका, बायको गेल्यावर मोटेल एकट्याने चालवणारा माणूस. पहिल्यांदाच त्याचं नाव सुरुवातीला येणार होतं. “हे नाही मिळालं तर बास,” त्याने मला सांगितलं. “मग मी शांतपणे म्हातारा होणार.”

गेल्या रविवारी पुन्हा तेच बेसमेंट. हीटिंग बंद, अंगात जॅकेट, हातात कागद. शशीने जॅकेट काढलं आणि हात चोळत म्हणाला, “आज कुणाचं ऐकणार नाही. त्या वेळचा दुसरा टेक आठवतो ना? तसाच करणार. फुल्ल.”

मला आठवत होता. आणि हेही ठाऊक होतं की ही गर्जना पाठवली की भूमिका हातची गेली. एक वाक्य, दिगंबर. आत्ता. मी कागद सरळ केला, घसा साफ केला — आणि समोरच्या पात्राचं वाक्य वाचलं.

शशीने आवाज लावला. मोटेलवाला बायकोच्या आठवणीने असा गरजला की वरची भांडी वाजली असावीत. अश्रू आला, डाव्या डोळ्यातून, वेळेवर. “कसं?” त्याने विचारलं. “झकास,” मी म्हटलं. हो, हेही म्हटलं. “पाठवून टाक,” तो म्हणाला. आणि तेवढ्यात जिन्याच्या टोकाला हातात झारा घेऊन मीनावहिनी.

“अहो, हे काय ओरडताय! त्या वेळी तो ओरडण्याचा टेक पाठवलाच नव्हता भाऊजींनी. माझ्या कुकरच्या शिट्टीचा पाठवला होता! मालिका संपली तेव्हाच्या पार्टीत त्या कास्टिंगवाल्या बाईनेच सांगितलं मला — शिट्टी झाली, तुम्ही वर बघितलंत, आणि तिथेच तुम्हाला घेतलं म्हणे. मला वाटलं, तुम्हा दोघांना ठाऊकच असेल!”

शशी स्टुलावर बसला. छताकडे बघितलं. मग माझ्याकडे. तोंड उघडं — तोच चेहरा, जो अमेरिकेने सात सीझन बघितला. मी हात खाली सोडून उभा होतो. म्हटलं, आता थोबाडीत येईल. यायलाच हवं. अकरा वर्षं मी त्याची वाट बघत होतो, आणि खरं सांगू, त्या क्षणी मला हलकं वाटायला लागलं होतं.

त्यानंतर आम्ही तो प्रसंग पुन्हा रेकॉर्ड केला, हळू आवाजात. मालिकावाल्यांचं उत्तर अजून यायचंय. पण रेकॉर्डिंगच्या आधी शशी उठला, माझ्याकडे आला, आणि त्याने माझे दोन्ही खांदे धरले. त्याच्या दोन्ही डोळ्यांत पाणी होतं. या वेळी डाव्यात आणि उजव्यात. तो जे बोलला त्यावर मी काही बोललो नाही. तेव्हा नाही, आणि आज बुधवार आहे, अजूनही नाही. वर वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला,

“अकरा वर्षं! बरोबर टेक तूच निवडलास, आणि माझं मन मोडू नये म्हणून अकरा वर्षं गप्प बसलास होय रे, दिग्या!”