अक्कांनी जमवलेला लेथ

कुठलीही जुनी वस्तू घ्यायची झाली की गिरिजाअक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आधीच्या घरातून का निघाली?" येलहंक्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. शहरात चार लोकांत बोलायची भीती वाटे. अक्कांनी पहिल्याच आठवड्यात मला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, करून टाकलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. तिथल्या मराठी समाजातली निम्मी लग्नं त्यांनीच जमवलेली.

अक्कांचे वडील कातारी. लेथवर लाकूड कातून लाटणी, पाळण्याचे खांब करायचे. लहानपणी अक्का त्यांच्याजवळ शिकल्या. वडिलांमागे भावांनी लेथ विकला. साठी उलटल्यावर अक्कांनी ठरवलं, आता आपला लेथ घ्यायचा. साड्यांना फॉल लावून साठवलेले पैसे एका जुन्या लेथपुरतेच होते. तो वाईट निघाला, तर दुसरा होणार नव्हता.

पहिला पाहिला कोरमंगलात, फर्निचरचा धंदा गुंडाळणाऱ्या एका तरुणाचा. हिरवागार, चकचकीत. मी तर मनातून घेऊनच टाकला होता. अक्कांनी फिरणारा दांडा दोन्ही हातांनी धरून हलवला. तो खडखडला.

"रंग कधी दिला, बाळा?"

"मागच्या आठवड्यात, आंटी."

रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "पावडर फासून बसलाय. चालायला लागला की पाय लटपटतील."

दुसरा इंदिरानगरात, एका निवृत्त गृहस्थांच्या गच्चीवरच्या खोलीत. बिडाचा, जड, वरून गंजलेला. अक्कांनी दांडा हलवला, तो ढिम्म. मागचा सरकता भाग पुढे आणला. दोन्ही टोकं नेमकी एकमेकांना भिडली. गृहस्थांनी मध्ये लाकडाचा तुकडा बसवून बटण दाबलं. अक्कांनी पदर खोचून लाकडाला पटाशी टेकवली, आणि लांब, सलग ढलपी सुटली. किंमत मात्र आवाक्याबाहेरची. मी जिन्याकडे वळलो.

"स्वल्प थांब, तम्मा." अक्का खुर्ची ओढून लेथवर हात ठेवून बसल्या. "इतका गुणाचा मुलगा. अजून कसं जमलं नाही हो?"

गृहस्थ कसनुसं हसले. "बघायला सगळे येतात, अक्का. आवडतोही. पण जिना बघितला की परत फोन करत नाहीत. मला तर महिनाअखेर घर सोडायचंय."

"म्हणजे खोट मुलात नाही, जिन्यात आहे. सरी, ठरलं तर. उतरवायचं आमच्याकडे, किंमत मी म्हणेन ती. आणि ही हत्यारं?"

"ती वेगळी विकणार आहे."

"मग हा आमच्याकडे येऊन करणार काय? तुमच्या आठवणी काढणार?"

गृहस्थ खो खो हसले आणि हत्यारांची पेटी त्यांनीच पुढे सरकवली.

"उतरवणार कोण?" मी जिन्यात कुजबुजलो.

"तुझे ऑफिसातले मित्र. रविवारी होळिगे आहे म्हण, गरम पुरणाची, तुपातली."

रविवारी आम्ही चौघांनी लेथ सुटा केला आणि दोर बांधून एकेक भाग उतरवला. अक्का पुढे, उलट्या पायांनी पायऱ्या उतरत. "डावीकडे! भिंतीला लावलात तर नुसता वरणभात!" शेवटचं बीड टेम्पोत टेकलं तेव्हा समोरच्या गॅलरीतून टाळ्या पडल्या.

संध्याकाळी अंगणातल्या पत्र्याखाली लेथ जोडून झाला. अक्कांनी बटण दाबलं. दांडा एका सुरात फिरू लागला, जरासुद्धा थरथर नाही.

"वडिलांनी सगळं शिकवलं, तम्मा," त्या म्हणाल्या. "पण बटण तेवढं भाऊच दाबायचा."

मग त्यांनी लेथ बंद केला, आणि उगाचच पुन्हा चालू केला.