कोरडी वखार

माझे शुद्धलेखन कच्चे आहे. चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही चुकत, आणि अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेले अंगण. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. वाचणार तरी कोण म्हणा. वही पिठाच्या डब्यामागेच राहणार आहे.

आमच्या यांनी देवासला पुष्कळ वर्षे फौजदारी केली. आता पेन्शनीत आले, नातवंडांना तपासाच्या गोष्टी सांगतात. अफूवाल्या शेटजीची गोष्टही सांगतात, पण निम्मी. माझा संबंध आला की खोकतात. राहिलेली निम्मी माझ्या मनातून अजून गेलेली नाही, म्हणून लिहिते.

त्या वर्षी गावात एकच बोलणे होते. चीनला जाणारी अफू सरकार कमी करणार, म्हणून असलेल्या मालाला सोन्याचे मोल येणार. भाव खरेच चढत होता. नाक्यावरची खबर रोज कोतवालीत येई आणि हे जेवताना सहज बोलून जात. मी वाढता वाढता ऐके. वाटले, आपल्यालाही कळते की! शेटजीचा मुनीम बायकांचेही पैसे घेई आणि 'तुमच्या नावाची अफू वखारीत ठेवली, दिवाळीला विकून देऊ' अशी चिठ्ठी देई. मी माहेरच्या पाटल्या मोडून दीडशे रुपये दिले. यांना सांगितले नाही. दुप्पट झाले की दाखवणार होते.

ज्येष्ठात तेलीण दारी आली. तेल मापताना कुरकुरली, "बई, अबके तो सेठ ने एक कुप्पो बी तेल नी लियो. हर साल म्हारी घाणी वणी पे चले."

दरवर्षी हिची घाणी ज्याच्यावर चाले, त्या शेटजीने यंदा तेलाचा एक बुधलाही घेतला नव्हता. अफूचा ओला चीक जवसाच्या तेलात ठेवतात, नाहीतर वाळतो आणि वजन घटते. हे इथे सगळ्यांना ठाऊक. मग वखार भरली म्हणतात ती कशाने?

पाटल्या मोडल्यापासून मी हात पदराखाली घेऊनच वावरे; ते दोन दिवस तर जास्तच. तिसऱ्या दिवशी हे पाटावर बसले आणि म्हणाले, "हात का झाकतेस? आमच्याकडे चोर असंच करतात."

मला रडू फुटले.

"पाटल्या कुणाला दिल्यास?"

"शेटजीला."

"कधी?"

"अक्षय्यतृतीयेला."

"मुहूर्त तर चांगला काढलास!"

रागावले असते तर बरे वाटले असते. मी कशीबशी तेलाची गोष्ट सांगितली. यांचा घास हातातच राहिला.

"तिच्याच शब्दांत सांग."

मी माळवीत सांगितले. हे आधी हसले, मग ताट बाजूला सारले. "कोतवालीत बसून मी नुसता भाव ऐकत राहिलो. ऐकायचं होतं ते तू ऐकलंस."

दुसऱ्या दिवशी यांनी गावातल्या सगळ्या घाण्या विचारून घेतल्या. शेटजीला कुणीच तेल दिले नव्हते. पण आमच्या देवासची तऱ्हा अशी, की गाव एक आणि राज्ये दोन. शेटजीची पेढी थोरल्या पातीत, आमच्या हद्दीत. वखार रस्त्यापलीकडे धाकट्या पातीत. रस्ता दहा पावलांचा, पण झडतीचा कागद पलीकडे जाऊन यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस शेटजीची पेढी उघडली की माझा जीव भांड्यात पडे. पळाला असता तर?

झडतीत पुढच्या रांगेत अफू निघाली, मागच्या सगळ्या गोण्यांत भुसा. हे म्हणाले, "अफूच्या वखारीत पाय घसरतो. इथं धूळ उडाली."

तरी शेटजी कबूल होईना. यांनी हात उगारला नाही. समोर बसवून, पाणी देऊन एवढेच विचारले, "शेटजी, औंदा तेल कुणाचं?" त्याने आमच्याच तेलणीच्या घरचे नाव घेतले. ती दाराआड बसली होती. तिथूनच ओरडली, "म्हारो? कद लियो? झूठा!" शिपाई तोंड फिरवून हसले. शेटजीने पगडी काढून मांडीवर ठेवली आणि सगळे सांगितले. बायकांच्या पैशांवर त्याने सट्टा खेळला होता.

चढता भाव खोटा नव्हता. पण भाव दहा तोंडे सांगतात. माल आहे की नाही हे ज्याची त्यावर चूल पेटते त्याला विचारावे. आता कुणी म्हणाले कापूस घेऊन ठेवा, तर मी आधी गाडीवानाला भाडे विचारते आणि पिंजाऱ्याला काम. हेही विचारतात, पण मला.

शेटजीची दोन घरे विकून यादीप्रमाणे पैसे वाटले. माझे नाव यादीत नको म्हणून मी हात जोडले. हे म्हणाले, "नाव राहील. पण फौजदाराचं घर शेवटी." दोन दिवाळ्या गेल्या. एका संध्याकाळी यांनी माझ्यापुढे थैली ठेवली आणि कागद-दौत आणली. "मोजून घे. पावती लिही."

शाळा सुटल्यापासून मी पहिल्यांदाच बोरू हातात धरला. लिहिले, 'रुपये दीडशे पूरे पोचले.'

यांनी वाचले. मी म्हटले, "'पुरे' शब्द चुकला का हो?"

"चुकू दे," हे म्हणाले. "रक्कम बरोबर आहे."