काकांचे न फोडलेले गोटे

मदत म्हणून मी काकांचा एक गोटा फोडला आणि घरात नसती पंचाईत करून ठेवली. काका घड्याळं दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या दिवशी वाळवंटात असले पोकळ दगड शोधतात. बाहेरून बटाटा, आत स्फटिक! पूर्वी त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, बरोबर असायची आणि पहिला घाव तिचाच असायचा. ती परदेशी गेल्यापासून सात वर्षं काका दरवर्षी एक गोटा तिच्यासाठी न फोडता ठेवतात. मला वाटलं, फोडायचे विसरलेत बापडे.

"काका, आत जांभळं आहे, बघा तरी!"

"गप्प बस, गाढवा. तिच्याआधी मी बघणार नाही."

डोळे मिटूनच त्यांनी दोन्ही तुकडे जुळवले आणि दोरी गुंडाळून गाठ मारली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. यंदाही जमणार नव्हतं.

"असू दे गं, दगड काय पळून जातात?" काका म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र कितीतरी वेळ ते ती गाठच आवळत बसले.

आता मीही त्यांच्याबरोबर वाळवंटात जातो. मी दिलेला प्रत्येक दगड ते हातात तोलून परत करतात. "भरीव आहे. तुझ्या डोक्याचा जुळा भाऊ."

एक गोटा मी अजून देणं लागतो.