बहीण आहे का? टिक करा

सुलाबाई जाधव अंबडच्या कारखान्यात एकवीस वर्षं नटबोल्ट भरतात. सुपरवायझर त्यांना 'तिखट मावशी' म्हणतो, तेही मागून. समोर म्हणायची छाती नाही.

ह्याच बाईला सख्ख्या भावानं रजिस्टर ऑफिसात आणून उभी केली. वडिलांच्या सातपूरच्या दोन खोल्या दोघांच्या नावावर. दिनेशला त्या पाडून बांधायच्या होत्या. "ताई, बँकेला तुझी संमती लागते. वकील कशाला? मोबाईलच्या ॲपवर दहा मिनिटांत दस्त तयार केलाय मी."

दस्त इंग्रजीत. फोटो झाला, मशीनवर अंगठा ठेवायचा राहिला. नोंदणी करणाऱ्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मावशी, वाचून दाखवलं ना?"

इथं सगळेच हो म्हणतात.

"नाही," सुलाबाई म्हणाल्या.

"अहो, दस्ताच्या शेवटी छापलंय ना, 'मराठीत वाचून दाखवला, समजला, मान्य'."

"मला न विचारता कोणी छापलं?"

"सगळ्याच फॉर्मात असतं ते."

"दिन्या, वाच."

दिनेश दोन शब्दांतच अडखळला. शेवटी साहेबांनी वाचलं. संमती कुठली नि काय! हक्कसोड होती. दोन्ही खोल्यांवरचा हक्क, कायमचा, काही न घेता.

"शप्पथ ताई, मी ॲपवर नुसतं टिक करत गेलो. 'बहीण आहे का' विचारलं, मी 'हो' केलं. पुढचं त्यानंच भरलं."

"त्यानं म्हणजे कोणी? लाव फोन."

दिनेशनं ॲपवरच्या नंबरला फोन लावला, कोणी उचलला नाही. उलट मेसेज आला : सेवा आवडली असल्यास पाच तारे द्या.

सुलाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. "बहीण दिसली की तिचा हक्क सोडवायचा! मेल्यांनी मशीनलासुद्धा हेच शिकवलंय. आणि तू रे? माहीत असेल तर चोर, नसेल तर गाढव. काय लिहू तुझ्या नावापुढं?"

"मावशी, भांडणं घरी करा," रांगेतून एकजण ओरडला.

"तुमच्या हातातला कागद वाचलाय का तुम्ही?"

तो कागद उलगडायला लागला.

"साहेब, मान्य नाही. तसंच लिहा."

"ताई, माहेर तुटेल हां," दिनेश पुटपुटला.

"माझ्या नावानं तुटत असेल तर ते माहेर नव्हतंच. संमती पाहिजे? मराठीत लिही, माझ्यापुढं बसून. नवीन घरालाही दोन नावं लागतील. नसेल जमत तर एक वीट हलवून दाखव."

दिनेश बाकावर बसला. मग त्यानं शेजारच्याकडं पेन मागितलं.