नववा सोमवार आणि शेंगदाण्याची चटणी

उपासाला काय चालतं आणि काय नाही, याचा निकाल आमच्या घरी आत्या देत असे. वडिलांची ती थोरली बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन सोलापुरात आमच्याकडे आली, ती कायमची. बटाटा चालतो, कांदा नाही. शेंगदाणे चालतात, त्यांचं तेल नाही. चहाबद्दल तिचं म्हणणं असं, की शास्त्र लिहिलं तेव्हा चहा नव्हता, म्हणून शास्त्राची त्याला हरकत नाही. टोमॅटोही तेव्हा नव्हता, म्हणून तो मात्र चालत नसे. आत्याला चहा आवडायचा आणि टोमॅटो आवडायचा नाही, हे मी बोलून दाखवलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता.

मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. वडील स्वतः शाळामास्तर, पण मुलीला बोर्डिंगात ठेवायला त्यांचं मन धजेना.

"तुला तासातासाला भूक लागते. तिथं कोण देणार आहे खायला?"

शेवटी त्यांनी अट घातली. अकरा सोमवार न मोडता करून दाखव, मग अर्जावर सही करतो. एक जरी मोडला तरी पुन्हा पहिल्यापासून. तोवर अर्जाची मुदत टळून गेली असती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते मला पक्के ओळखून होते.

फाल्गुनात सुरुवात केली आणि आठ सोमवार कसेबसे निभावले. नववा आला ऐन वैशाखात. सकाळपासून डोकं दुखत होतं आणि समोर तीच ती पांढरी साबुदाण्याची खिचडी. फळीवर चटणीच्या दोन बरण्या असत. एक उपासाची, जिरं घातलेली. दुसरी वडिलांची, लसूण घालून उखळात कुटलेली. त्या दुसऱ्या बरणीला चुकून हात लागला तरी आत्या हात धुऊन येई. विधवा झाल्यापासून तिनं लसूण जिभेला लावला नव्हता.

मी दुसऱ्या बरणीतली चटणी घेतली. बरण्या सारख्याच दिसायच्या, हे खरं. पहिल्याच घासाला लसूण कळला, हेही खरं. तरी चार घास पोटात गेले.

पाचवा तोंडात असतानाच वडील सकाळची शाळा आटोपून घरी आले. टोपी खुंटीला लावता लावता थबकले.

"लसणाचा वास कुठून येतोय?"

मला घास गिळवेना आणि थुंकवेना. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"मोडला की मग," ते म्हणाले. रागावले असते तर चाललं असतं, पण त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. त्याचा मला भयंकर संताप आला.

तेवढ्यात आत्या देवघरातून बाहेर आली. तिचाही सोमवार होता. तिनं माझं तोंड पाहिलं, ताट पाहिलं. मग खाली वाकून माझ्या ताटातली चांगली चिमूटभर चटणी उचलली आणि तोंडात टाकली.

"अक्का, अगं..." वडील म्हणाले.

आत्यानं सावकाश चावली आणि गिळली.

"लसूण कुठाय यात? जिरं आहे. तुझ्या नाकाला काय झालंय?"

जन्मभर ज्या बहिणीचा निकाल मानला, तिला आता खोटं कसं पाडणार? वडिलांनी हातातली टोपी खुंटीला लावली. मग पाय धुवायला विहिरीकडे गेले.

मी उठून आत्याचे पाय धरले. "आत्या, माझ्यापायी तुझा नेम मोडला," म्हणताना मला हुंदका आवरेना.

"मोडला की," आत्या म्हणाली. पदरानं ओठ पुसले, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या शेजारी पाटावर बसली.

"उरलीय का गं थोडी?"