जुन्या साच्यावरची कवळी

कवळीमास्तर हाताचा पक्का माणूस. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, हा खाली मान घालून कवळ्या बनवायचा. माणूस न बघता नुसत्या कवळीवरून सांगायचा, हा झोपेत दात खातो, हिला डावीकडून चावता येत नाही. अशा माणसाने स्वतःच्या आईच्या कवळीत माती खावी, आता याला काय म्हणायचं?

झालं होतं असं. बायको गेल्यावर तो एकटाच बायबल वाचत बसायचा. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. त्या रिकाम्या घरात कुणीतरी आपल्याजवळ बसलंय असं त्याला पहिल्यांदा वाटलं, एवढंच. दोन वर्षांनी तो आपल्या पायांनी चर्चच्या पाळकांकडे गेला आणि बाप्तिस्मा मागितला. पाळक उलट म्हणाले, "आधी घरी बोला. घाई नाही."

घरी बोलला आणि तिथेच बिनसलं. थोरला भाऊ म्हणाला, "माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत. हे खूळ डोक्यातून काढ, नाहीतर माझा उंबरा चढू नकोस." आणि आई राहायची भावाकडे.

चार महिन्यांनी वहिनीने आईची तडकलेली कवळी पाठवली. याने ती उलटी करून बघितली. आतून कापसाचे बोळे चिकटवलेले. म्हणजे हिरड्या आटल्या होत्या, कवळी सैल होऊन पडत होती, म्हातारी पार उतरली होती. नवी करायची तर तोंडाचं माप हवं, आणि मापाला आत कोण जाऊ देणार? मग याने कपाटातून तीन वर्षांपूर्वीचा साचा काढला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर याने त्याची बिनपाण्याने केली असती. चार दिवस खपून कवळी केली, दिसायला देखणी, पण ती तीन वर्षांपूर्वीच्या आईची. वहिनीचा निरोप आला, "टोचते. त्या नुसत्या पाण्यावर आहेत."

बाप्तिस्मा रविवारी ठरला होता. शनिवारी दुपारी तो हत्यारांची पेटी घेऊन भावाच्या दारात उभा राहिला. भाऊ आडवा आला.

"उद्या जाणार नाही म्हण. मग आत ये, काय हवं ते कर."

"दादा, अर्ध्या तासाचं काम आहे. थोडं घासून बसवतो. आई उपाशी आहे रे."

"मग म्हण की. एक वाक्य तर आहे."

खोटं बोलून मोकळं व्हावं, उद्याचं उद्या बघू, असं त्याच्या मनात आलं. का येणार नाही? तो काही संत नव्हता. तेवढ्यात आतून आईचा बोळका आवाज आला.

"म्हण ना रे. खोटंच म्हण. मला भूक लागलीय."

त्याने तोंड उघडलं. ज्याने आपल्याला एकटं सोडलं नाही, त्याला ओळखत नाही असं कसं म्हणायचं? तेही आईसाठी? जीव नुसता तुटत होता.

"आई, मला नाही गं म्हणता येत."

मग आई वहिनीला म्हणाली, "दार लाव."

रविवारी त्याने बाप्तिस्मा घेतला. घरचं कुणी नव्हतं. नंतर पाळकांनी प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो तोंडात घातला. त्याला तो गिळता येईपर्यंत बाकीच्यांचं गाणं म्हणून झालं होतं.