लातूरची चिठ्ठी
नव्या तुरीचा धुळकट वास आला की मला लातूरचा तो दवाखाना आठवतो. तुरीच्या त्या हंगामात बायकोला दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. तपासून डॉक्टर म्हणाले, "नळ्या मोकळ्या आहेत. हृदयाच्या पेशींना शक्ती पुरवणारे मायटोकॉन्ड्रियाच थकलेत. त्यावर थेट औषध नाही. हृदयाचा भार हलका करणाऱ्या गोळ्या लिहून देतो." मी तापलोच, "नळी मोकळी अन् माणूस आजारी? माझ्या भावाला नळीत स्प्रिंग बसवली, हिलाबी एखादी बसवा की!" हमालीपासून वर आलेला व्यापारी मी, उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पहिल्याच भावात कधी सौदा केला नव्हता. गोळ्या न घेताच चिठ्ठी खिशात घातली आणि महिन्याने तिला नांदेडला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तिथेही तेच उत्तर, त्याच गोळ्या. तोवर तिचे पाय सुजले होते. परतताना एसटीत ती थांबत थांबत म्हणाली, "दोन्ही दुकानी भाव एकच निघाला की हो. वरून दाणा टपोरा, आतून पोचट, तसं हाय माझं काळीज. आता तरी गोळ्या घ्या." उतरताच घेतल्या. हल्ली ती मोंढ्यापर्यंत चालत येते. माझा राग मात्र गेलेला नाही. तो त्या डॉक्टरवर आहे की चिठ्ठी खिशात ठेवून घालवलेल्या महिन्यावर, हेच मला अजून कळत नाही.